काळबादेवीचा रस्ता आणि पादचारी

मुंबईतील पायधुणी या नावात एक जुना इतिहास साठविलेला आहे. खाडीचे उथळ पाणी तेथवर येई व ते ओलांडून येणारे लोक पाय धुऊन पुढे जात, म्हणून त्या स्थळास हे नाव पडले, असे सांगतात. त्याच पायधुणीकडे जाणाऱ्या काळबादेवीच्या रस्त्यावर आज पायी चालणारास पाऊल टाकण्यापुरतीही जागा शोधावी लागते. ही स्थिती कशी आली, हे पाहण्यासारखे आहे.

या रस्त्यावर सार्वजनिक वाहन प्रथम आले ते १८७४ च्या मे महिन्यात. बोरीबंदरापासून काळबादेवीमार्गे पायधुणीपर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. चालक कंपनीच्या पागेत नऊशे घोडे होते. १९०७ साली विजेची ट्राम आली व १९२६ साली मुंबईत बसगाडी धावू लागली. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला गेली आणि ते पर्व संपले.

ट्रामचा मार्ग रुळांनी बांधलेला असे. ती कोठून येणार हे पादचाऱ्यास ठाऊक असे. परंतु रूळ रस्त्याच्या मध्यभागी असल्याने उतारूस वर्दळीतून वाट काढीत कडेस यावे लागे. बस कडेलाच थांबते, ही सोयच झाली. मात्र ती सोय पदपथ मोकळा असेल तरच खरी. पदपथावर माल, हातगाड्या व उभी वाहने आली की उतारू पुन्हा रस्त्यावरच लोटला जातो. तात्पर्य, प्रत्येक नव्या वाहनासाठी योजना आखली गेली. त्यातून उतरणाऱ्याच्या पायांसाठी मात्र उरेल तेवढीच जागा ठेवण्यात आली.

२०२५ च्या ऑक्टोबरात काळबादेवीच्या भूगर्भातून मेट्रो धावू लागली. हजारो माणसे जिन्यांनी वर येणार, ती याच पदपथावर. बाजारपेठेतील पदपथाची मोकळी रुंदी किमान अडीच मीटर असावी, असे भारतीय रस्ते महासभेचे २०१२ चे मार्गदर्शन आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर सुरक्षित पदपथ हा जीविताच्या अधिकाराचाच भाग असल्याचे सांगितले. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे पाचवा हिस्सा पादचाऱ्यांचा होता. हे आकडे ध्यानी घेता या निर्णयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नाही. बेळगाव, इंदूर, बडोदे येथेही देऊळ आणि बाजार एकाच रस्त्यावर नांदतात. देवदर्शनास येणारांत वृद्ध, मुले व लेकुरवाळ्या स्त्रिया अधिक असतात, आणि त्या बहुधा पायीच येतात. नगरपालिकेकडे मागणी करण्यापूर्वी देवस्थानांनी आपल्या महाद्वारापुढील पदपथावरून चपलांचे ढीग, मंडपाचे खांब व विश्वस्तांच्या मोटारी हटवाव्यात. इतके केले तर शेजारच्या दुकानदारासही तेच सांगण्याचा अधिकार त्यांना प्राप्त होईल.