पासवर्डची वही: ठेवणाऱ्यालाही माहीत नको असं गुपित

चांदूर बाजारला असताना शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आम्ही नेट कॅफेत जायचो. तिथल्या भाऊंकडे एक लांबट वही होती. नाव, मोबाईल, युजर आयडी, पासवर्ड, सगळं ओळीने लिहिलेलं. एकदा मी म्हटलं, "भाऊ, पासवर्ड कशाले लिहिता?" ते म्हणाले, "राहू दे न बाप्पा. उद्या तूच विसरशील अन् माह्याकडंच येशील." झालंही तसंच. भाऊ प्रामाणिक होते. पण वही काउंटरवर उघडी असायची, आणि माझ्या ई-मेललाही तोच पासवर्ड होता.

संगणकातल्या पासवर्डचा इतिहासही अशाच वहीपासून सुरू होतो.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीत सीटीएसएस नावाची प्रणाली आली. एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायचा, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. सगळे पासवर्ड एका फाईलमध्ये, जसेच्या तसे. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला चारच तास मिळायचे आणि कामाला ते पुरत नव्हते. त्याने ती फाईल छापण्याची विनंती पंच कार्डावर शुक्रवारी रात्री टाकली आणि शनिवारी सकाळी छापील यादी उचलली. १९६६ मध्ये तर चोरही लागला नाही. दोन फाईलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड आले!

वहीला कुलूप लावणं हा उपाय नव्हताच. याच दशकात केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी वेगळा विचार केला: पासवर्ड ठेवायचाच कशाला? चक्कीवर ज्वारी दळली की पिठाचे परत दाणे होत नाहीत. तसं पासवर्डचं एकाच दिशेने रूपांतर करायचं आणि फक्त ते 'पीठ', म्हणजे आजच्या भाषेत हॅश, ठेवायचं. लॉगिनच्या वेळी टाकलेला शब्द पुन्हा दळायचा आणि दोन्ही पिठं जुळतात का ते बघायचं.

पण लोक सोपे शब्द ठेवतात. मग चोर अख्खा शब्दकोश आधीच दळून ठेवतो! रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांचा १९७९ चा शोधनिबंध इथेच महत्त्वाचा ठरतो. त्यांनी ३,२८९ खरे पासवर्ड तपासले. त्यांतले सुमारे ८६ टक्के अगदी छोटे किंवा सहज शोधता येण्यासारखे निघाले. उपाय दोन. एक, दळण मुद्दाम संथ करणं. दुसरा, प्रत्येक पासवर्डमध्ये वेगळं 'मीठ' म्हणजे सॉल्ट घालणं. त्यांचं सॉल्ट १२ बिटचं होतं, म्हणजे एकच शब्द ४,०९६ प्रकारे दळला जाऊ शकतो. आधी दळून ठेवलेला शब्दकोश मग फारसा उपयोगाचा राहत नाही. संगणक वेगवान झाले तसं दळण आणखी संथ करावं लागलं. त्यातूनच १९९९ मध्ये बीक्रिप्ट आलं, आणि २०१५ मध्ये आर्गॉन२ स्पर्धेत निवडलं गेलं.

एवढं माहीत असूनही २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे ३.२ कोटी पासवर्ड उघड्या मजकुरात सापडले. आपल्याकडचं उदाहरण झोमॅटोचं. २०१७ मध्ये त्यांच्या सुमारे १.७ कोटी वापरकर्त्यांची माहिती चोरीला गेली. कंपनीनेच नंतर कारण सांगितलं: ०००वेबहोस्ट या दुसऱ्याच सेवेने पासवर्ड उघडे ठेवले होते आणि ते २०१५ मध्ये फुटले. झोमॅटोच्या एका डेव्हलपरचं तिथे खातं होतं, आणि गिटहबलाही त्याने तोच पासवर्ड ठेवला होता. चोर तिथून आत शिरला. वही एकाची उघडी, नुकसान दुसऱ्याचं.

म्हणून एक साधी परीक्षा. 'पासवर्ड विसरलो' म्हटल्यावर एखादी साइट तुमचा जुनाच पासवर्ड पाठवत असेल, तर समजा वही उघडी आहे. आणि उद्या तुम्हीही सर्वेक्षण कराल, लोकांची माहिती गोळा कराल. तेव्हा ती कुठे ठेवू, हा प्रश्न दुसरा. आधी विचारा, ही माहिती मला असायची गरज आहे का? मॉरिस-थॉम्प्सन यांचा निबंध जेमतेम चार पानांचा आहे. पीएचडीच्या मुलाखतीआधी एकदा वाचाच.