शुगर दिसते शेवटी



शिबिरात रक्त तपासलं, शुगर नॉर्मल आली, की आपण निर्धास्त होतो. त्यात अंगानं बारीक असलो तर विचारायलाच नको! पण रक्तात शुगर वाढणं ही या दुखण्याची सुरुवात नसते. त्याच्या कितीतरी वर्षं आधी शरीर इन्सुलिनला जुमानेनासं झालेलं असतं. हे कसं कळलं, त्याची गोष्ट आज सांगते. तिचा शेवटचा भाग आपल्या पुणे जिल्ह्यातल्या गावांत घडला आहे.

जेवणातून रक्तात आलेली साखर स्नायूंनी आत घ्यावी म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. १९२२ साली कॅनडात ते पहिल्यांदा रुग्णाला टोचलं, तेव्हा लोकांना वाटलं, मधुमेह म्हणजे इन्सुलिन कमी पडणं, बास. लंडनचे डॉक्टर हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी रुग्णांना एकाच वेळी साखर पाजून इन्सुलिन टोचून पाहिलं. काहींची शुगर आटोक्यात राही, काहींची वाढतच जाई. काहींचं शरीरच इन्सुलिनचं ऐकत नाही, असं त्यांनी १९३६ मध्ये लिहिलं. पण रक्तातलं इन्सुलिन मोजायची सोयच नव्हती, मग खात्री कशी व्हायची?

ती सोय केली एका बाईनं. रोझलिन यालो, न्यूयॉर्कच्या साध्या घरातली लेक, आईवडील हायस्कूलही न शिकलेले. माजी सैनिकांच्या दवाखान्यात झाडू-बादल्या ठेवायच्या खोलीत त्यांनी प्रयोगशाळा थाटली. सॉलोमन बर्सन या डॉक्टरांबरोबर त्यांनी थोड्याशा रक्तातलं इन्सुलिन मोजायची युक्ती काढली, आणि तिचं पेटंटही घेतलं नाही. १९६० च्या सुमारास मोजून पाहिलं तर काय, मोठेपणी मधुमेह झालेल्या बऱ्याच जणांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हतं, उलट जास्तच होतं! दार उघडत नाही म्हणून हाका मारणाऱ्यानं आवाज चढवावा, तसं. १९७७ मध्ये यालोबाईंना नोबेल मिळालं. बर्सन तोवर वारले होते.

या हाका चालू असतात तोवर शुगर नॉर्मलच दिसते. पण रक्तवाहिन्यांना झळ लागायला सुरुवात झालेली असते. अमेरिकेतले डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये हे एकत्र बांधलं: इन्सुलिन जास्त, बीपी चढलेला, रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढलेली आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी, हे सगळं बरोबर चालतं आणि हृदयाकडे जातं. बारीक माणसातही ते असू शकतं.

आता आपल्याकडे येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! दिसायला बारीक, आतून चरबी. हे कुठून येतं, हे शोधायला १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू झालं. शेतात राबणाऱ्या आयाबायांनी आपलं वजन, आपलं रक्त, आपल्या ताटातलं जेवण, सगळं मोजू दिलं. त्यांची बाळं जेमतेम पावणेतीन किलोची. इंग्लंडच्या बाळांपेक्षा स्नायू खूपच कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून. गरोदरपणी ज्या हिरवी भाजी, फळं, दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं भरलेली. बऱ्याच आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. या बायकांची नावं कुठल्या पुस्तकात येत नाहीत, पण जगभरचे डॉक्टर त्यांच्या आकड्यांवर शिकतात.

म्हणून नुसत्या वजनाकाट्यावर भरवसा ठेवू नका. शिंप्याच्या टेपनं कंबर मोजा. आपल्याकडच्या बायकांना ८० सेंटिमीटरच्या वर धोका धरतात. मानेच्या मागं, काखेत कातडी काळी, मखमली होणं म्हणजे मळ नव्हे. घासून ती जात नाही. गरोदरपणी शुगर वाढली होती, पाळी महिनोन्‌महिने लांबते, बीपी चढतो, यातलं काही असेल तर आशाताईंना सांगून तपासणी करून घ्या, शुगरबरोबर चरबीचीही.

त्या सहा गावांतली बाळं मोठी झाली. २०१२ पासून त्यांना, आईबाप होण्याच्या आधीच, बी-१२ देऊन पाहिलं, मुलींना आणि मुलांनाही. पुढे त्यांच्या बाळांचीही मापं घेतली गेली.