हवाईसुंदरी आणि कलम ४६

मराठीत या व्यवसायाला नाव मिळाले तेच मुळी रूपावरून. इंग्रजीतल्या ‘एअर होस्टेस’ या शब्दात निदान यजमानीण तरी आहे. पाहुण्याला बसायला सांगणारी, पाणी विचारणारी, प्रसंगी दटावणारी. आपण तिची ‘हवाईसुंदरी’ केली. रुग्णालयातल्या परिचारिकेला किंवा शाळेतल्या बाईंना असे नाव द्यायचे कुणाच्या मनात आले नाही. वर्तमानपत्रांत आता ‘केबिन क्रू’ हा शब्द रुळला आहे, पण आमच्या मुरबाड-शहापूरकडे बोलताना अजून हवाईसुंदरीच चालते, आणि त्या शब्दाबरोबर एक हलके हसूही येते.

मी मुरबाड तालुक्यात बरीच वर्षे इतिहास शिकवला. नाणेघाटातला नागनिकेचा शिलालेख, माहुलीचा किल्ला, सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झालेले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील, हा आमचा नेहमीचा अभ्यासक्रमाबाहेरचा अभ्यासक्रम. विमानातल्या नोकरीचा इतिहास शोधावा असे वाटण्याचे कारण मात्र अगदी व्यावहारिक आहे. सरळगावच्या बाजूचे एक शेतकरी, माझ्या जुन्या विद्यार्थिनीचे वडील, घरी आले आणि म्हणाले, ‘‘सर, पोरगी विमानात नोकरीला जाते म्हणते. यात फायदा काय, तोटा काय, तेवढं सांगा.’’ मी त्यांना चार दिवसांची मुदत मागितली. ती मुदत वर्षभर लांबली. मुलगी तोवर थांबली नाही, हे ओघाने आलेच.

शोधताना एक गोष्ट लवकरच लक्षात आली. या नोकरीचे जे तोटे लोक सांगतात, त्यातले बरेचसे आकाशात नसून सेवानियमांच्या पुस्तकात होते. फायद्यांचेही तेच. ते कुणीतरी भांडून त्या पुस्तकात घालून घेतलेले आहेत.

सुरुवात अमेरिकेत झाली. एलन चर्च नावाच्या परिचारिकेला वैमानिक व्हायचे होते. ते जमले नाही, तेव्हा तिने बोइंग एअर ट्रान्स्पोर्ट कंपनीला सुचवले की विमानात परिचारिका ठेवा, म्हणजे घाबरलेल्या प्रवाशांना धीर येईल. १५ मे १९३० रोजी तिने ओकलंड ते शिकागो हे पहिले उड्डाण केले. तिच्यासह आठ परिचारिका नेमल्या गेल्या. अट अशी की वय पंचविशीच्या आत हवे, वजन-उंची ठरलेल्या मापात हवी आणि लग्न झालेले नसावे. म्हणजे या व्यवसायाच्या जन्मपत्रिकेतच अविवाहितपणा लिहिलेला आहे. पुढे अनेक अमेरिकन कंपन्यांनी बत्तीस किंवा पस्तीस वर्षांनंतर मुलींना घरी पाठवण्याचा नियम केला, आणि १९६४च्या नागरी हक्क कायद्यानंतर तो मोडून काढायला तिथल्या मुलींनाही बरीच वर्षे लागली.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला विमान आणले ते टपालाचे. त्यात पाहुणाच नव्हता, तर यजमानीण कुठून असणार? ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले आणि परदेशी वाहतुकीचा खरा काळ सुरू झाला. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. नोकरी सरकारी महामंडळाची झाली, म्हणजे पगार, भत्ता, परदेशात उत्तम हॉटेलात मुक्काम आणि वर सरकारी शिक्का. त्या काळात मुंबईतल्या मुलीला एवढ्या लहान वयात एवढी मिळकत देणाऱ्या वाटा फार थोड्या होत्या. इंग्रजी बोलणाऱ्या शहरी घरांतल्या मुलींनाच ती वाट दिसे, हेही खरे. मुरबाडच्या मुलीला त्या वेळी फक्त विमानाचा आवाज ऐकू येत असे.

या सरकारी महामंडळाच्या सेवानियमांत कलम ४६ होते. पुरुष पर्सर अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत नोकरी करू शके. हवाईसुंदरीची नोकरी मात्र तीनपैकी जे आधी घडेल त्याने संपे: वयाची पस्तीस वर्षे पूर्ण होणे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न होणे, किंवा पहिले गरोदरपण. त्यापुढचे कलम ४७ सांगे की पस्तिशीनंतर व्यवस्थापकीय संचालकांना वाटल्यास एकेक वर्ष मुदत वाढेल, ती पंचेचाळीसपर्यंत. वाटले तर! एकाच विमानात, त्याच ट्रॉलीच्या दोन टोकांना उभे असलेल्या दोघांपैकी एकाच्या नोकरीला वीस-तेवीस वर्षे जास्त आयुष्य होते. (१९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी काढलेला एअर इंडियाचा महाराजा मात्र कधीच निवृत्त झाला नाही. त्याच्या पोटाचा घेरही कुणी मोजला नाही.)

या नियमांवर औद्योगिक न्यायाधिकरणांपुढे आधीही वाद झाला होता. १९६५च्या खोसला निवाड्यात व्यवस्थापनाची बाजू मान्य करताना तरुण आणि आकर्षक मुलगी अवघड प्रवाशांना जास्त चांगले हाताळू शकते, असा विचार मांडलेला दिसतो. मला हे वाचून आमच्या म्हसा यात्रेतल्या बैलबाजाराची आठवण झाली. तिथे निदान दात पाहतात, चेहरा नाही.

नर्गीस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाले आणि २८ ऑगस्ट १९८१ रोजी न्यायमूर्ती मुर्तझा फझल अली यांच्या पीठाने निकाल दिला. या निकालाचा उल्लेख स्त्रियांचा विजय म्हणून केला जातो. मी तो नीट वाचला, आणि माझे मत थोडे वेगळे झाले.

गरोदरपणामुळे नोकरी जाण्याचा नियम न्यायालयाने फार कडक शब्दांत रद्द केला. भारतीय स्त्रीत्वाचा तो उघड अपमान आहे, असे म्हटले. व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर मुदतवाढ ठेवणेही घटनाबाह्य ठरवले. वैद्यकीयदृष्ट्या सक्षम असेल तर पंचेचाळीसपर्यंत मुदत मिळणे हा हक्क झाला. पस्तिशीनंतर रूप ओसरते हा युक्तिवादही न्यायालयाला पटला नाही. इथपर्यंत विजय.

पण पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट कायम राहिली. न्यायालयाला ती हितकारक वाटली. कारणे अशी दिली की मुलगी तोवर परिपक्व होते, लग्न यशस्वी होण्याची शक्यता वाढते, कुटुंबनियोजनाला मदत होते आणि महामंडळाचा प्रशिक्षणाचा खर्च वाया जात नाही. परराष्ट्र सेवेतल्या अशाच विवाहविषयक नियमांवर सी. बी. मुथम्मा यांच्या प्रकरणात १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी झोड उठवली होती. दोनच वर्षांनी त्याच न्यायालयाला विमानातल्या मुलीचे लग्न लांबवणे योग्य वाटले. पहिल्याऐवजी तिसऱ्या गरोदरपणाला नोकरी संपवण्याची दुरुस्ती महामंडळाने पुढे केली होती, तीही न्यायालयाने लोकसंख्येच्या नावाखाली रास्त मानली. आणि पुरुष पर्सर व हवाईसुंदरी हे दोन निरनिराळे संवर्ग असल्यामुळे निवृत्तीच्या वयातला फरक भेदभाव ठरत नाही, असेही म्हटले. संवर्ग निरनिराळे केले कुणी? महामंडळानेच. आधी वेगळे करायचे आणि मग वेगळे आहेत म्हणून वेगळे वागवायचे, हा युक्तिवाद आमच्याकडच्या कातकरी-ठाकर वाड्यांना जुन्या काळापासून ओळखीचा आहे.

यानंतरची लढाई तीस वर्षे चालली. १९८९ मध्ये केंद्र सरकारने निवृत्तीचे वय अठ्ठावन्न करण्याचा निर्देश दिला. मात्र बाईंचे उड्डाण त्याच्या पुष्कळ आधी थांबे, पुढे पन्नाशीला थांबू लागले आणि उरलेली वर्षे जमिनीवरच्या कामाची. जमिनीवर म्हणजे उड्डाणभत्ता नाही. हा भत्ता या नोकरीच्या मिळकतीतला मोठा भाग असतो, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पन्नाशीची मर्यादा वैध ठरवली, आणि त्या प्रकरणात एक गुंतागुंत आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. वरच्या श्रेणीत गेलेल्या हवाईसुंदरी पुरुषांइतकेच उडायला मागत होत्या. केबिन कर्मचाऱ्यांच्या दुसऱ्या संघटनेला मात्र पन्नाशीला उड्डाणातून बाहेर पडण्याची सवलत हवी होती, आणि तिच्यात अनेक हवाईसुंदरीही होत्या. वीस-पंचवीस वर्षे रात्री जागवल्यावर कुणाला थांबावेसे वाटेल, कुणाला वाटणार नाही. एकीचा फायदा तो दुसरीचा तोटा, आणि दोघी एकाच साडीतल्या. त्याच वर्षाच्या शेवटी सरकारने बायकांनाही अठ्ठावन्नपर्यंत उडण्याची मुभा दिली.

विमानातली पर्यवेक्षकाची जागा तोवर पुरुषांकडेच होती. २००५ मध्ये एअर इंडियाने ती स्त्रियांना खुली केली. त्याविरुद्ध पुरुष पर्सर न्यायालयात गेले आणि १७ नोव्हेंबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयात हरले. कलम ४६चा खटला धरला तर बरोबर तीस वर्षांनी बाई विमानात पुरुषाची वरिष्ठ होऊ शकली.

नियमांचे इतके सांगितल्यावर कामाचे सांगायला हवे. प्रवाशाला दिसते ते जेवणाचे ताट. प्रत्यक्षात या माणसांना विमानात ठेवण्याचे मुख्य कारण अपघात हे आहे. कोणतेही मोठे विमान वापरात येण्याआधी भरलेले विमान अर्धेच दरवाजे वापरून नव्वद सेकंदांत रिकामे होते हे दाखवावे लागते. ते रिकामे करणारे हात यांचे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे विमान कराचीला अपहरणकर्त्यांच्या ताब्यात गेले, तेव्हा वैमानिकांना सावध करून निसटू देणारे, अमेरिकन प्रवाशांचे पासपोर्ट लपवणारे हे केबिनमधलेच कर्मचारी होते. त्यांची प्रमुख नीरजा भनोत तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरलेले असताना मारली गेली. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्या मुलीला ‘सुंदरी’ म्हणून काय सांगितले जाते?

आमच्या भागाला हा धोका वर्तमानपत्रातूनच कळला असे नाही. माळशेज चढून गेले की जुन्नर तालुका लागतो. ७ जुलै १९६२च्या पावसाळी रात्री सिडनीहून रोमकडे निघालेले अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान मुंबईला उतरण्यासाठी येत होते. आपण मुंबईच्या जास्त जवळ आलो आहोत अशा समजुतीने वैमानिकाने उंची लवकर सोडली आणि विमान जुन्नरकडच्या डोंगरावर आदळले. प्रवासी ८५, कर्मचारी ९, कुणीही वाचले नाही. पूर्वेकडून येणारी विमाने आजही सह्याद्री ओलांडतच मुंबईकडे खाली येतात. १२ जून २०२५ला अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळले, त्यात दहा केबिन कर्मचारी होते. त्यांतले काही मुंबई-ठाण्याच्या परिसरातले होते, आणि त्या आठवड्यात आमच्याकडच्या कितीतरी घरांत मुलींनी भरलेले अर्ज पुन्हा एकदा चर्चेला आले.

अपघात मात्र विरळा. रोजचा तोटा शरीराचा. उडत्या विमानात हवेचा दाब आठ हजार फूट उंचीवर असावा इतका कमी होऊ शकतो, आणि आपले कळसूबाई आहे ५,४०० फुटांचे. म्हणजे कळसूबाईहूनही उंच जागी, कोरड्या हवेत, ट्रॉली ढकलत उभे राहायचे. रात्रपाळीने झोपेचे चक्र मोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ मध्ये अशा पाळ्यांना संभाव्य कर्करोगकारकांत धरले आहे. उंचावर वैश्विक किरणांचा माराही जास्त. शिवाय वजन. वजन जास्त म्हणून उड्डाणातून काढलेल्या महिलांची बाजू २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळली.

आणि नोकरीची शाश्वती? कलम ४६ निदान छापील होते, त्याच्याशी भांडता आले. आजच्या खासगी कंपन्यांत ठरावीक मुदतीचे करार असतात. मुदत संपल्यावर ‘नूतनीकरण केले नाही’ एवढेच कळवले जाते, त्याला कारण द्यावे लागत नाही. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. तरुण वयात घराचे हप्ते सुरू केलेल्या कितीतरी मुली-मुलगे एका दिवसात रिकामे झाले.

तरीही मी त्या शेतकऱ्याला ‘पाठवू नका’ असे सांगितले नाही. बारावीनंतर मुलीला स्वतःच्या नावाने पगार, जग पाहण्याची संधी, अनोळखी माणसांच्या गर्दीत आवाज न चढवता हुकूम द्यायची सवय, ही इथल्या कोणत्या दुसऱ्या नोकरीत एकत्र मिळते? तानसा, मोडकसागर आणि भातसा यांचे पाणी शहापूर तालुका मुंबईला देत आला आहे आणि स्वतः उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत आला आहे. मुलींनी मुंबईकडून काही घेऊन यावे, याला माझी हरकत असण्याचे कारण नाही.

मी त्यांना फक्त करारपत्र घेऊन यायला सांगितले. आम्ही दोघांनी ओटीवर बसून ते वाचले. मुदत किती, ती वाढवणार कोण, मूळ पगार किती आणि उड्डाणभत्ता किती, दिवस राहिल्यावर उड्डाण थांबते तेव्हा जमिनीवरचे काम मिळते की बिनपगारी रजा, मध्येच सोडल्यास प्रशिक्षणाचे किती पैसे परत मागणार. काही उत्तरे पत्रात होती, काही नव्हती. जी नव्हती ती मुलीने कंपनीला लेखी विचारली. मग प्रश्न राहण्याचा. पहाटे तीनला हजर व्हायचे तर मुरबाडहून निघायला त्या वेळी वाहन कुठले, आणि मुरबाडला रेल्वे तर अजून आलेलीच नाही. सध्या ती आणखी तिघींबरोबर मरोळला एका खोलीत राहते. सुट्टी सलग मिळाली की कल्याणला उतरून एसटीने येते, आणि आल्यावर पहिला दिवस नुसती झोपते.