ऑनलाइन व्यवसाय सुरू करण्याआधी कायदेशीर सल्ला

वस्त्यांमधील तरुणांशी व्यवसायाबद्दल बोलायला आम्ही जातो, तेव्हा बहुतेकांचे इन्स्टाग्राम पान आधीच सुरू झालेले असते. मसाले, साड्या, बुद्धमूर्ती. वकील आठवतो तो नोटीस आल्यावर.

सर्वांत जास्त फसगत जीएसटीत होते. ४० लाखांपर्यंत नोंदणी नको, एवढेच ऐकलेले असते. पण ही सूट राज्यांतर्गत माल विकणाऱ्याला आहे. नागपूरहून पुण्याला साडी पाठवणे वेगळे आणि हैदराबादला पाठवणे वेगळे. राज्याबाहेर माल विकायचा तर, काही हस्तकला वस्तू सोडल्यास, उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. ब्रँडचे नाव ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत तपासता येते; लेबले छापण्याआधी तपासावे. उद्यम नोंदणीही मोफतच आहे, एजंटला पैसे देऊ नयेत.

दोन मित्र मिळून धंदा काढतात आणि बँक खाते एकाच्याच नावावर असते. इथे मैत्रीवर विसंबू नये. वाटणीचा लेखी करार वकिलाकडून करून घ्यावा, त्यासाठी पैसे मोजावे लागले तरी.

बाकी सल्ल्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार मोफत विधी सेवेसाठी महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतून बौद्ध झालेलेही यात येतात. जातीचा दाखला सोबत न्यावा. हेल्पलाइन क्रमांक १५१००.