रात्र कळायच्या आधी

पहाटेचे सव्वातीन. सहा आठवड्यांची लेक मांडीवर टक्क जागी आणि माझ्या एका हातात फोन. ॲपमध्ये ‘आदर्श’ झोपेचा सलग हिरवा पट्टा दिसतो. आमचा पट्टा लाल, तुकड्यातुकड्यांचा. आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून रडू येतं. बाळानं घड्याळ पाळावं हे आलं कुठून, म्हणून शोधत मी थेट १८९४ सालात पोचले.

त्या वर्षी न्यूयॉर्कचे डॉक्टर ल्यूथर एमेट होल्ट यांचं बालसंगोपनावरचं प्रश्नोत्तरी पुस्तक आलं. ठरल्या वेळी पाजा, ठरल्या वेळी झोपवा. थोडं रडणं म्हणजे बाळाचा व्यायामच, असा त्याचा सूर. १९२८ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन याच्याही पुढे गेले: मुलांना कुशीत घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा! दोघांच्या स्वरात शंकेला जागाच नव्हती.

मग १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातले नेथनिएल क्लाइटमन आणि त्यांचे सहकारी एंगेलमन यांनी वेगळं काही केलं. उपदेश बाजूला ठेवून त्यांनी १९ बाळांच्या झोपेची तिसऱ्या आठवड्यापासून सव्विसाव्यापर्यंत नोंद केली. त्यातल्या एका बाळाचा तक्ता पुढे प्रसिद्ध झाला. एक ओळ म्हणजे एक दिवस. रेघा झोपेच्या, ठिपके दुधाचे. वरच्या ओळींत सगळा विस्कळीतपणा. मधे रेघा तिरक्या सरकतात, जणू बाळाचा दिवस २४ तासांहून थोडा मोठा आहे. खाली येता येता मात्र रेघा रात्रीच्या बाजूला गोळा होतात. हे हळूहळू, महिन्यामहिन्यानं घडतं.

क्लाइटमन यांचेच विद्यार्थी यूजीन ॲसेरिन्स्की आधी झोपलेल्या तान्ह्यांच्या पापण्या निरखत बसायचे. तिथून पुढे मोठ्यांच्या झोपेकडे वळल्यावर त्यांना पापण्यांआड डोळे भराभर फिरण्याची अवस्था सापडली. तीच ‘रेम’ झोप, तीही १९५३ मध्येच जाहीर झाली. १९६६ च्या एका शोधनिबंधानं दाखवलं की नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशी असते. म्हणून ते झोपेत हसतं, कण्हतं, हातपाय झाडतं. आपल्याकडे याला ‘सटवाई हसवतेय’ म्हणतात. मी मात्र दर वेळी ‘उठली!’ म्हणून तिला उचलत होते. कितीदा मीच तिची झोप मोडली असेल!

सकाळी आईला तो तक्ता दाखवला. चष्मा लावून तिनं बराच वेळ पाहिला.

“अगं, तिला अजून दिवस-रात्र कुठली कळायला! कळेल हळूहळू. आण तिला इकडे, आणि तू जरा आडवी हो.”

आमच्या रेघा अजून तक्त्याच्या वरच्या भागात आहेत. ॲप बंद केलं आणि झोपले.