पटवर्धन, सुधीर
(१९४९– ). आकृतिप्रधान शैलीचे भारतीय चित्रकार. जन्म पुण्याचा. तेथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये पदवी घेऊन ते मुंबईत आले आणि १९७५ ते २००५ या काळात ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ होते. चित्रकला स्वतःच शिकले. शरीराची जाण मात्र वैद्यकाने पक्की केली. आरंभीच्या चित्रांत श्रमिकाचा देह हाच विषय : जड, रुंद, कामाने शिणलेला, तरी जागेवर ठाम. त्या देहाची ते कीव करत नाहीत, हेच या चित्रांचे मोठेपण. ‘प्लेस फॉर पीपल’ (१९८१) या गाजलेल्या समूहप्रदर्शनात त्यांचा सहभाग होता. पुढे आकृतींभोवती शहर दाटत गेले. ‘लोअर परळ’ या चित्रात मुंबईचे पालटते गिरणगाव येते.