रुक्का, मुरक्का आणि अम्माची वाकळ

"मॅडम, फटे कपडे खैरात में चलते क्या?"

मागच्या हिवाळ्यात सातवीतल्या एका मुलीने वर्गात हा प्रश्न विचारला. एका बालगृहातल्या मुलांसाठी आम्ही वाकळ शिवायची ठरवली होती. प्रत्येकीने घरून जुने, धुतलेले सुती कापड आणायचे होते. तिच्या आईचे म्हणणे असे, की अल्लाहच्या नावाने द्यायचे तर नवे ब्लँकेट द्यावे, चिंध्या कशाला? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना मला माझ्या लहानपणात जावे लागले.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या कळमनुरीतही फळीवरची भांडी वाजली आणि अब्बांनी आम्हा भावंडांना ओढत अंगणात नेले. तेव्हा कळमनुरी परभणी जिल्ह्यात होती. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. लातूर-उस्मानाबादकडची बातमी दिवस वर येईल तशी कळत गेली. गणपती विसर्जन करून थकून झोपलेली गावे होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची माळवदे माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. मागे राहिली ती मुले, आणि वरून पाऊस. त्यातल्या सुमारे १२०० मुलांना शांतीलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने पुण्याला नेऊन शिकवले, वाढवले. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातूनच उभे राहिले.

आमच्या मोहल्ल्यातून मदतीचा टेम्पो निघणार होता. अम्माने ट्रंक उघडली आणि दादीचे हिरवे लुगडे बाहेर काढले. दादी त्याच उन्हाळ्यात वारली होती. ते लुगडे मला हवे होते. अम्माने ते वाकळीच्या वरच्या बाजूला लावले. आत अब्बांची धोतरे, आमचे लहान झालेले कुर्ते, असे चार-पाच थर. सगळे आधी सोड्याच्या गरम पाण्यात उकळले, कडक उन्हात वाळवले. शेजारच्या सखूमावशी आणि आमच्या खाला चार कोपऱ्यांवर बसल्या. जमिनीवर कापड ताणून आधी कच्चे टाके, मग कडेपासून आतल्या बाजूला धावदोरा. मी रुसून बसले. अम्मा एवढेच म्हणाली, "जो अपने को प्यारा है, वहीच देना."

पुढे उर्दू शिकवायला लागले तेव्हा कळले, अम्मा आपल्या बोलीत सूरह आल-इमरानच बोलत होती. प्रिय वस्तूतून खर्च केल्याशिवाय नेकी गाठता येत नाही, हा त्या आयतीचा आशय. सूरह बकरा दुसऱ्या बाजूने सांगते, की जे स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही, ते दुसऱ्याला देऊ नये. म्हणजे अडचण जुन्या कापडाची नाही, टाकाऊ कापडाची आहे. मदत म्हणून मळके, फाटके कपडे पोत्यात कोंबणाऱ्यांना ही आयत लागू होते. उकळून, जोडून, आठवडाभर बसून शिवलेल्या वाकळीला ती लागू होत नाही.

ठिगळाला आपल्या परंपरेत कमीपणाही नाही. पैगंबर (स.) आपले कपडे स्वतः शिवत, चपला स्वतः दुरुस्त करत, असे हजरत आयेशा (र.) यांची रिवायत सांगते. सूफी दरवेशांच्या ठिगळांच्या झग्याला 'मुरक्का' म्हणतात. अरबीत 'रुक्अ' म्हणजे तुकडा, ठिगळ. मुघल बादशहांनी चित्रे आणि सुलेखनाची पाने एकत्र बांधून जे संग्रह केले, त्यांनाही मुरक्का हेच नाव. आणि आपण मराठीत चिठ्ठीला 'रुक्का' म्हणतो, तोही याच घरातला शब्द.

मराठी मुलखातही हेच दिसते. गाडगेबाबा (१८७६–१९५६) चिंध्यांचे वस्त्र पांघरून फिरत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. त्यांनी स्वतःसाठी घर बांधले नाही. गोरगरिबांसाठी धर्मशाळा आणि मुलांसाठी वसतिगृहे मात्र उभी केली. सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या मुस्लिम, हिंदू आणि ख्रिस्ती बाया 'कवंदी' शिवतात. त्याही कडेपासून मध्याकडे जातात आणि शेवटी चार कोपऱ्यांवर घड्यांची लहान 'फुले' लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी, असे त्या मानतात. गरिबाच्या पांघरुणालाही सजायचा हक्क आहे, हे त्यांनी कधीच ओळखले. जुन्या कापडाला मान मिळवून देणाऱ्या 'गूंज' संस्थेच्या अंशू गुप्तांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही याच विचारासाठी.

आमची वाकळ तयार व्हायला अकरा दिवस लागले. मुलींचे टाके वाकडे होते, बोटांना सुया टोचल्या, एक कोपरा दोनदा उसवावा लागला. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, ती शेवटच्या दिवशी आपली ईदची ओढणी घेऊन आली. एका टोकाला जराशी फाटलेली, बाकी चांगली. "अम्मी बोली, कोने को लगाओ." आम्ही सिद्दी बायांसारखी त्याची चार फुले करून चारी कोपऱ्यांना लावली.

दादीचे लुगडे कोणाच्या अंगावर गेले, मला कधी कळले नाही. पण इतक्या वर्षांनी त्याचा रुसवा राहिलेला नाही.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या घरात वाकळ शिवणारी आई, आजी, खाला असेल तर या हिवाळ्यात तिच्याजवळ बसा आणि एक कोपरा तरी शिवायला शिका. आणि कुठेही पांघरूण द्यायला निघालात, तर आधी एक रात्र ते स्वतः पांघरून बघा.